जिथे जायचं नाही, तिथे

अंदमानच्या सहलीला गेलेली मराठी माणसं सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतात, हॅवलॉकच्या वाळूत अनवाणी चालतात, शंखशिंपल्यांचे दागिने घेतात आणि परत येतात. नारकोंडम बेट कुठल्याच सहलीच्या कार्यक्रमात नसतं. उत्तर अंदमानच्या पूर्वेला सुमारे १३० किलोमीटरवर, भर समुद्रात एकटा उभा असलेला हा जुना ज्वालामुखी १९७७ सालापासून अभयारण्य आहे. तिथली पोलिस चौकी, तटरक्षक दलाच्या बोटी आणि परवानग्यांचं भेंडोळं घेऊन कधीमधी पोचणारे मोजके अभ्यासक, एवढीच काय ती माणसांची ये-जा. तुम्ही-मी तिथे जाणार नाही. मला तर वाटतं, जाऊही नये.

तरी जाण्याची एक रीत आपल्याकडे आहे. मानसपूजेत ताम्हन लागत नाही, फुलं लागत नाहीत, निरांजनही नाही. सगळं मनात करायचं. पण क्रम चुकवायचा नाही आणि एकही उपचार गाळायचा नाही. मनात फूल वाहायचं तर त्याचा देठ कुठल्या बाजूला आहे हेही दिसलं पाहिजे. आज तसंच बसू. प्रत्येक परिच्छेद संपला की जरा थांबा. घाई असेल तर आत्ता वाचू नका, रात्री जेवणं झाल्यावर वाचा.

पहिल्यांदा लक्ष पायाखाली न्या. तुम्ही पुण्यात, नाशकात, साताऱ्यात किंवा संभाजीनगरात बसला असाल तर फरशीखाली, पायाखाली, मुरमाखाली काळा कातळ आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. मग त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. घाटातून एसटी वळणं घेते तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलेलं आहे, आजीचं जातंही त्याच दगडाचं होतं. सावंतवाडीला किंवा गोव्यात बसला असाल तर हे तुम्हाला लागू नाही, तिथला दगड याहून कितीतरी जुना आहे. बाकीच्यांनी तळपाय जमिनीला टेकवून एवढंच मनाशी म्हणायचं, की मी आगीच्या थंड झालेल्या पोटावर बसलो आहे. ज्वालामुखी ही लांबची, परदेशातली गोष्ट आहे हा समज इथे काढून ठेवायचा.

आता समुद्र. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, बोट ईशान्येला निघाली आहे. किनारा मागे पडतो, मग पक्षी मागे पडतात, मग फोनची रेंजही जाते. पाण्याचा हिरवा रंग आधी निळा होतो, पुढे जवळजवळ शाईसारखा. या रंगाकडे थोडं थांबून पाहा, कारण तो खोलीचा रंग आहे. आपल्या पश्चिमेला, बेटांच्या पलीकडे, भारतीय उपखंडाला पाठीवर घेतलेलं भूपट्ट पूर्वेकडच्या भूपट्टाखाली शिरत आहे. वर्षाला काही सेंटीमीटर. ते आपल्याबरोबर समुद्राचा गाळ आणि दगडात मुरलेलं पाणी खाली नेतं. ते पाणी वरच्या तप्त खडकात शिरतं तेव्हा एरवी न वितळणारा खडक वितळायला लागतो आणि वर यायची वाट शोधतो. म्यानमारपासून सुमात्रापर्यंत ज्वालामुखींची जी कमान आहे, ती या एका संथ घसरणीतून झाली. सह्याद्रीचा लाव्हा भेगांतून सांडला आणि दूरदूरवर पसरला, तर इथे तो एकेका नळीतून वर आला आणि त्याचे सुटे सुटे डोंगर झाले.

वाटेत बॅरन बेट लागेल. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली, पुढची काही दशकं अधूनमधून उद्रेक होत राहिले, मग दीडेक शतक तो गप्प राहिला आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. त्यानंतर अधूनमधून धुमसतोच आहे. राखेचा काळा उतार, वर धुराची रेघ. आपलं मन इथे रेंगाळेल, कारण आग पाहायला कुणाला आवडत नाही? पण आपण इथे उतरणार नाही. ज्वालामुखीचं पेटणं सगळे पाहतात. तो विझल्यावर काय होतं, ते आज पाहायचं आहे. बोट उत्तरेकडे वळवा.

साधारण तेवढंच अंतर आणखी गेल्यावर क्षितिजावर एक शंकू दिसतो. आधी निळसर, मग करडा, मग हिरवा. माथा बहुधा ढगात असतो. उंची ७१० मीटर. आतकरवाडीतून सिंहगड चढून जेवढा दम लागतो त्याहून थोडा जास्त लागेल अशी चढण, आणि तीही थेट समुद्राच्या पाण्यातून सुरू होणारी. सपाट जागा म्हणाल तर नारळी असलेला एक छोटा किनारा आणि त्याला लागून चौकी. बाकी सगळा चढ आणि त्यावर रान. बेटाचं क्षेत्रफळ ६.८ चौरस किलोमीटर. मुंबईतलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान याच्या पंधरापट भरेल.

उतरू नका. छोट्या होडीत, लाटांच्या अलीकडे, हेलकावत बसा. इथे सगळ्यात अवघड उपचार करायचा आहे.

हे बेट रिकामं करा. नारळ काढा, रान काढा, पक्षी, वटवाघळं, घोरपडी, मुंग्या, शेवाळ, सगळं काढा. कोमट दगड, राख आणि गंधकाचा वास एवढंच राहू द्या. हे बेट सुमारे सात लाख वर्षांचं असावं असा अंदाज आहे. पृथ्वीच्या हिशोबात ही वस्तू अगदी नवी, आपल्या सह्याद्रीच्या कातळापुढे तर कालचं पोर. शिवाय हे कधीही कुठल्या मुख्य भूमीला जोडलेलं नव्हतं. समुद्र कितीही खाली गेला तरी इथे चालत येण्याची सोय झाली नाही. म्हणजे आज इथे जे जे आहे, त्यातलं प्रत्येक बाहेरून आलेलं आहे. उडत, तरंगत, वाऱ्यावर किंवा कुणाच्या तरी पोटात.

आता एकेक येऊ द्या, हळूहळू. पावसाने दगड फुटू द्या. वाऱ्यावर नेच्याचे बीजाणू येऊ द्या, ते दिसत नाहीत एवढे बारीक असतात. लाटांवर नारळासारखी, समुद्राचं पाणी पचवणारी फळं येऊ द्या. मग एक पक्षी येऊ द्या, वादळाने वाट चुकलेला, थकलेला, आणि त्याच्या विष्ठेतून एक उंबरवर्गी बी दगडाच्या भेगेत पडू द्या. वड, पिंपळ, उंबर या कुळातली झाडं कातळात कशी रुजतात हे आपल्याला शिकवायला नको, जुन्या देवळांचे कळस त्यांनीच फोडले आहेत. बी पडल्यापासून फळ लागेपर्यंत वर्षं जाऊ द्या. फळ लागलं की ते खायला दुसरा पक्षी थांबेल. तो थांबला की तिसरं झाड. मधली लाखो वर्षं भरून काढायची घाई करू नका. कितीतरी बिया समुद्रात पडून कुजल्या, कितीतरी पक्षी इथपर्यंत आले आणि मेले, तेही होऊ द्या. जे पोचलं नाही त्याचीही यादी करा. माकड पोचलं नाही. हरीण, डुक्कर पोचले नाहीत. फळं खाणारे मोठे सस्तन प्राणी म्हणाल तर वटवाघळं तेवढी आली, कारण त्यांना पंख आहेत. म्हणून इथलं रान आपल्या ओळखीच्या रानासारखं असूनही वेगळं आहे: फांद्यांवर उड्या मारून फळं ओरबाडणारं कुणी नाही. फळं आहेत आणि पंख आहेत.

आता होडी किनाऱ्याला लावा. मान वर करा.

झाडांच्या शेंड्यांवरून पंखांचा खरखरीत, लोहाराच्या भात्यासारखा आवाज येतो. काळं अंग, त्यावर हिरवट झाक, पांढरी शेपटी, बाकदार पिवळट चोच, गळ्याशी निळसर पिशवी. डोकं आणि मान तांबूस असेल तर नर, सगळीच काळी असेल तर मादी. हा नारकोंडमचा धनेश. कोकणातल्या देवरायांत धनेश पाहिला असेल, काही गावांत ज्याला गरुड म्हणतात तो, तर त्याच्या मानाने हा लहान. अंदमान-निकोबारच्या बाकीच्या कुठल्याही बेटावर धनेश नाही. म्यानमारची मुख्य भूमी अडीचशे किलोमीटरहून लांब. याचे पूर्वज कधीतरी तेवढं पाणी ओलांडून आले आणि परत गेले नाहीत. जगात हा पक्षी फक्त या बेटावर रानात राहतो.

एवढं वाचल्यावर मनात आपोआप एक चित्र तयार होतं: घनदाट रानात दडलेला, क्वचित दिसणारा, शेवटचा एखादा पक्षी. ते चित्र पुसा. इथे धनेश क्वचित दिसत नाही, इथे तो सगळीकडे आहे. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहित नानिवडेकर आणि त्यांचे सहकारी २०१९-२०च्या हिवाळ्यात या बेटावर राहिले, ठरावीक वाटांवरून चढ-उतार करत पक्षी मोजत राहिले. त्यांचा अंदाज हजाराच्या आसपास निघाला, म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे सुमारे दीडशे. जगात कुठल्याही जातीच्या धनेशाची एवढी दाटी कुठे नोंदलेली नाही. जुने अंदाज तीन-चारशेचे होते.

हा आकडा मनात घोळवा. ज्याला आपण जगातला अत्यंत दुर्मिळ पक्षी म्हणतो, त्याच्या स्वतःच्या अनुभवात तो दुर्मिळ नाहीच. तो सकाळी उठतो तेव्हा शेजारच्या झाडावर धनेश, पलीकडच्या झाडावर धनेश, उंबर पिकलं की फांदीफांदीवर धनेश. त्याच्या जगात तो तितकाच सामान्य आहे जितके आपल्या आळीतले कावळे. दुर्मिळपणा त्याच्या अंगात नाही, त्याच्या जगाच्या कडेत आहे. मध्यभागी गर्दी आणि कडेला एकदम समुद्र. ही कड त्याला जाणवत असेल का, असा प्रश्न मनात येऊ द्या आणि उत्तर देऊ नका. किनाऱ्यावरच्या शेवटच्या झाडावर बसलेला एक पक्षी पाहा. समोर क्षितिजापर्यंत पाणी. तो पाठ फिरवून पुन्हा चढाकडे जातो, कारण फळं तिकडे आहेत.

त्याला शास्त्रीय नाव दिलं १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. हेच ह्यूम पुढे बारा वर्षांनी मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागे होते. शाळेच्या इतिहासात त्यांचा अर्धा परिच्छेद वाचून आपण मोठे झालो, पण भारतातल्या पक्ष्यांसाठी त्यांनी जे केलं ते त्या परिच्छेदात नसतं. पुढे शंभरेक वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एस. ए. हुसेन इथे आले आणि या पक्ष्याचं जगणं पहिल्यांदा कुणीतरी नीट लिहून काढलं.

आता ढोलीकडे. हा उपचार डोळे मिटून करायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका जुन्या झाडाच्या पोकळीत मादी शिरते. आपली विष्ठा आणि फळांचा गर यांनी ती आतून तोंड लिंपून घेते, फक्त एक उभी फट ठेवते. आत अंधार, ऊब, कुजक्या लाकडाचा वास. तिची उडण्याची पिसं गळून पडतात, म्हणजे आता बाहेर पडायचं म्हटलं तरी उडता येणार नाही. दिवसभरात बाहेरच्या जगातून तिच्यापर्यंत पोचतं ते एवढंच: फटीतून येणारी उजेडाची रेघ, पंखांचा तो आवाज, आणि मग नराची चोच, चोचीत फळ. पुन्हा एक फळ. पुन्हा एक. त्याने गळ्यात साठवून आणलेली फळं तो एकेक करून वर काढतो. तुम्ही आत बसा. आवाज येईपर्यंत वाट पाहा. आज तो उशिरा आला तर काय, हा विचारही येऊ द्या.

या ठिकाणी आपल्याकडचे लेखक धनेशाला आदर्श पतीची पदवी देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. तो पाखरू आहे, त्याला आपल्या संसाराची प्रमाणपत्रं चिकटवायची गरज नाही. त्यापेक्षा ढोलीखालची जमीन पाहावी. फटीतून बाहेर टाकलेल्या बियांचा तिथे खच पडतो. नर दिवसभर फिरतो त्या वाटांवरही बिया पडत जातात. पोटातून किंवा गळ्यातून गेलेल्या या बिया मूळ झाडापासून लांब पडतात, रुजतात. धनेशाला रान लागतं हे आपल्याला माहीत असतं. इथल्या रानातली कितीतरी झाडं धनेशाच्या पोटातून गेलेली आहेत, हे एवढ्या लहान जागेत बोट ठेवून दाखवता येतं.

त्याच्या जोडीला आणखी एक जण आहे, आणि तो ओळखीचा आवाज ऐकून तुम्ही चपापाल. कोकिळ. नारकोंडमवर कोकिळांची चिक्कार वस्ती आहे. आपल्याला कोकिळ म्हणजे आंब्याचा मोहोर आणि परीक्षेचे दिवस. इथे तो फळं खाऊन बिया पेरणारा, धनेशाच्या खालोखाल महत्त्वाचा मजूर आहे. तोच कंठ, तीच चढत जाणारी तान, काम मात्र निराळं. जंगली कबुतरं आणि वटवाघळंही या कामात आहेत, त्यांना या बैठकीत मी फार जागा दिली नाही.

माणसांना गाळून मनन पुरं होणार नाही. नारळींच्या सावलीतल्या चौकीत काही पोलिस आहेत. साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांची नेमणूक इथे होत आली. त्यांच्या जागी बसून पाहा. घर हजार-दीड हजार किलोमीटरवर. बोट कधी येईल ते समुद्र ठरवणार. ताजं मांस-दूध मिळावं म्हणून सत्तरच्या दशकात इथे शेळ्या आणल्या गेल्या, यात दुष्टपणा काही नव्हता. पण या रानात शेळी कधी पोचलीच नव्हती, त्यामुळे इथल्या रोपांना शेळीपासून वाचायचं कसं ते ठाऊक नव्हतं. शेळ्या वाढत गेल्या, रानात शिरल्या, शेकड्यांनी झाल्या. मोठी झाडं उभी होती, धनेश उडत होते, आणि खाली जमिनीवर पुढच्या पिढीचं एकेक रोप चघळलं जात होतं. वरून पाहणाऱ्याला काही बिघडलं आहे असं वाटलंही नसतं. पुढे शेळ्या हटवल्या, तेव्हा कुठे रोपं पुन्हा वर आली. ज्या झाडाच्या ढोलीत आपण मघाशी बसलो, तेवढं जाड खोड व्हायला किती वर्षं लागतात याचा हिशोब इथे मनातल्या मनात करावा.

मग रडार. तटरक्षक दलाला या बेटावर टेहळणीचं रडार आणि त्यासाठी वीजनिर्मितीची सोय हवी होती. २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नकार दिला, २०१४ मध्ये नव्या सरकारने होकार दिला. देशाची पूर्वेची सीमा सांभाळायची गरज खोटी नाही, आणि शिखराकडे जाणारा रस्ता या उतारावर काय करेल ही भीतीही खोटी नाही. मनन म्हणजे यातली एक बाजू मिटवून शांत होणं, असं मला वाटत नाही. दोन्ही समोर ठेवून बसावं. अस्वस्थ वाटलं तर अस्वस्थ बसावं. पण सात चौरस किलोमीटरला आपण जो शब्द लावतो तो नेहमी ‘लहानसं बेट’ असा असतो, आणि हजार पक्ष्यांसाठी ते अख्खं जग आहे, हे विसरून कुठलीच बाजू मांडता येणार नाही.

आता परतायला हरकत नाही. पण ही बैठक पुन्हा करणार असाल तर दुसऱ्यांदा धनेशाला वगळा. तो देखणा आहे, आवाज करतो, आपलं सगळं लक्ष खाऊन टाकतो. आजवर इथे आलेले बहुतेक पक्षी-अभ्यासक मान वर करून चालले. पालापाचोळ्यात पायापाशी काय पळतं आहे हे पाहायला फार उशीर झाला: २०२१ मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या शास्त्रज्ञांनी नारकोंडमवरून चिचुंद्रीची एक नवी जात जगापुढे आणली, पांढऱ्या दातांची, दाट काळसर केसांची. धनेशाला नाव मिळाल्यावर १४८ वर्षांनी.

तेव्हा पुढच्या वेळी चिचुंद्रीपासून सुरुवात करा. हिला पंख नाहीत. वादळात वाहून आलेल्या एखाद्या ओंडक्यावर तिची पूर्वज आली असेल, ती तिच्या पोटात पिल्लं असताना आली असेल, की नर-मादी दोघं एकाच ओंडक्याला चिकटून आली असतील, तो प्रवास डोळ्यांपुढे आणा, एकही लाट न गाळता. आवडायला ती धनेशापेक्षा अवघड आहे. वासही येईल. बसून राहा.